एका रानबुरशीचे बारसे

फळांच्या टोपलीकडे चार-सहा दिवस लक्ष गेले नाही, की तळाच्या लिंबावर हिरवट-पांढरी भुकटी दिसू लागते. गृहिणी ‘बुरशी आली’ म्हणते, ते लिंबू केराच्या डब्यात टाकते, टोपली धुऊन उन्हात ठेवते आणि कामाला लागते. तिच्या दृष्टीने प्रश्न तिथे संपतो. बुरशीच्या अभ्यासकाचा प्रश्न मात्र तिथूनच सुरू होतो. ही बुरशी कोणती? तिला पूर्वी कोणी पाहिले आहे का? तिचे नाव काय?

लिंबावरच्या बुरशीपुरते उत्तर सोपे आहे. हिरवी असेल तर ती बहुधा पेनिसिलियम डिजिटॅटम आणि निळसर असेल तर पेनिसिलियम इटॅलिकम. दोन्हींची ओळख फार जुनी आहे. पण रानातल्या फळांवर, गळून पडलेल्या बोंडांवर, झाडाच्या सालीवर ज्या असंख्य बुरश्या वाढतात, त्यांतल्या बहुतेकींचे अजून बारसेच झालेले नाही. आजवर सुमारे दीड लाख बुरश्यांना शास्त्रीय नाव मिळाले आहे. जगात एकूण बुरश्या पंचवीस लाखांच्या आसपास असाव्यात, असा लंडनच्या क्यू उद्यानातील तज्ज्ञांचा २०२३ चा अंदाज आहे. दर वर्षी साधारण अडीच हजार नव्या बुरश्यांची नोंद होते. या गतीने सर्वांची ओळख पटायला किती शतके लागतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

अशा एका बुरशीला २०११ साली नाव मिळाले. ती सापडली दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील जंगलात, झाडावरच्या फळासारख्या एका गोड गोळ्यात. तिच्या नावाबरोबर सुमारे पाचशे वर्षांचे एक कोडेही सुटले.

फळ नव्हे, बुरशीच!

आर्जेन्टिना आणि चिली या देशांच्या दक्षिण भागाला पॅटागोनिया म्हणतात. अँडीज पर्वताच्या उतारावर तिथे नोथोफेगस नावाच्या वृक्षांची दाट, थंड जंगले आहेत. युरोपातल्या बीच वृक्षाचा हा दक्षिणेकडचा भाऊबंद. वसंत ऋतूत, म्हणजे आपल्याकडे दिवाळी होऊन थंडी सुरू होते त्या सुमारास, या झाडांच्या फांद्यांवरील गाठींमधून पिवळे-नारिंगी गोळे बाहेर येतात. लांबून पाहणाऱ्याला झाड फळांनी लगडले आहे असे वाटावे. पण हे फळ नव्हे. सिटारिया नावाच्या बुरशीने फांदीत घर केलेले असते, आणि हे गोळे म्हणजे त्या बुरशीचाच बीजाणू तयार करणारा भाग. गोळा पक्व झाला की त्यावर मधाच्या पोळ्यासारखे खड्डे पडतात.

तिथले मूळ रहिवासी हे गोळे पिढ्यान्‌पिढ्या खात आले. त्यांच्या भाषेत याचे नाव याओ-याओ. बारिलोचे शहराजवळच्या एका द्वीपकल्पालाही हेच नाव आहे. ‘बीगल’ जहाजातून निघालेला तरुण चार्ल्स डार्विन १८३२ च्या डिसेंबरात तिएरा देल फ्वेगोला, म्हणजे या खंडाच्या अगदी दक्षिण टोकाला पोहोचला. बायका आणि मुले हे गोळे मोठ्या प्रमाणावर गोळा करतात आणि न शिजवता खातात, त्यांना किंचित गोड चव आणि अळंबीसारखा मंद वास असतो, असे त्याने नोंदवून ठेवले. थोडी रानफळे सोडली तर तिथल्या लोकांना वनस्पतिजन्य अन्न म्हणून याच बुरशीचा आधार होता, हेही त्याच्या लक्षात आले. डार्विनने आणलेले नमुने माइल्स बर्कली या इंग्रज धर्मोपदेशकाने तपासले. हे गृहस्थ चर्चचे काम सांभाळून बुरश्यांचा अभ्यास करीत. त्यांनी या बुरशीला सिटारिया डार्विनी असे नाव दिले.

म्हणजे फळासारख्या दिसणाऱ्या या बुरशीची ओळख दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच पटली होती. तिच्या पोटात आणखी एक बुरशी नांदते आहे, हे मात्र कळायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

हरवलेल्या पालकाचा शोध

ही दुसरी बुरशी म्हणजे एक किण्व, ज्याला आपण बाजारात यीस्ट या नावाने ओळखतो. किण्व ही एकाच पेशीची बुरशी. पावाचे पीठ फुगते ते तिच्यामुळे आणि सकाळची गोड नीरा दुपारपर्यंत ताडी होते तीही मुख्यतः तिच्यामुळे. साखर खायची आणि मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर टाकायचा, हा तिचा धंदा. पावाच्या यीस्टचे शास्त्रीय नाव सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थच ‘साखरेची बुरशी’ असा आहे.

युरोपात, विशेषतः जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात, पंधराव्या-सोळाव्या शतकापासून थंड तळघरांत एक वेगळ्या प्रकारची बिअर तयार होऊ लागली. तिला लागर म्हणतात. आज जगात खपणारी बहुतेक बिअर याच प्रकारची आहे. पावाच्या यीस्टला ऊब लागते, त्या तळघरातल्या गारठ्यात ते जवळजवळ झोपी जाते. मग तिथे काम करत होते कोण?

डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये या लागर किण्वाची एकाच पेशीपासून शुद्ध वाढ करून दाखवली. पुढे जवळपास शंभर वर्षांनी, १९८५ च्या सुमारास, डीएनएच्या तुलनेवरून ध्यानात आले की हे किण्व संकरित आहे. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर जन्मावे, तसा दोन निराळ्या जातींचा हा संकर. एक पालक ओळखीचा निघाला, तो म्हणजे पावाचे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. थंडी सोसण्याचा गुण ज्याच्याकडून आला, तो दुसरा पालक मात्र सापडेना.

संशय होता सॅकॅरोमायसिस बायानुस या किण्वावर. पिएर अँड्रिया सॅकार्डो या इटालियन शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये दिलेले हे नाव पुस्तकांत रूढ होते. पण या नावाची पाटी लावलेले नमुने तपासावेत तर ते आपसांत जुळत नसत. एकाच आडनावाखाली तीन-चार निराळ्या घराण्यांची माणसे जमा झाली होती, आणि प्रत्येक जण आपणच मूळ पुरुष असल्याचे सांगत होता! चुकीच्या पाटीचा हा घोळ नुसता कागदी नव्हता. एका प्रयोगशाळेने ‘बायानुस’वर काढलेले निष्कर्ष दुसरीला मिळत नसत, कारण दोघींच्या बाटल्यांत जीव वेगवेगळे होते.

रानातून बाटलीत

जंगली किण्वे शोधायची तर जिथे साखर असते तिथे जावे लागते. द्राक्षावर किंवा जांभळावर दिसणारी पांढरट छटा म्हणजे यीस्ट, असा एक समज आहे. तो खरा नाही. ती छटा मेणाची असते. अखंड सालीच्या फळावर अशी किण्वे फारच थोडी असतात. फळाला चीर पडली, पाखराने चोच मारली किंवा गांधीलमाशीने चावा घेतला, की रस बाहेर येतो आणि मग त्यांची चंगळ होते. गांधीलमाश्यांच्या आतड्यात किण्वे हिवाळा काढतात आणि माशीकडून तिच्या पिलांकडेही जातात, हे इटलीतील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले.

युरोपातल्या ओक वृक्षांच्या जंगलांत शोध झाला, पण हरवलेला पालक काही मिळाला नाही. मग दिएगो लिब्किंड या आर्जेन्टिनाच्या शास्त्रज्ञाने आपल्या दाराशीच पाहिले. बारिलोचेच्या नाहुएल हुआपी राष्ट्रीय उद्यानातील सिटारियाचे गोळे साखरेने भरलेले असतात. जमिनीवर गळून पडल्यावर ते आपोआप आंबतात आणि त्यांना मद्यासारखा वास येतो. आंबवणारे कोणी तरी तिथे आहे, हे उघडच होते. आणि ही जंगले गारठलेली असल्यामुळे, जे कोणी आहे त्याला थंडी सोसते, हेही उघड होते.

गोळे निर्जंतुक पिशव्यांत गोळा करायचे, त्यांचे तुकडे साखर आणि थोडा मद्यार्क असलेल्या द्रावणात टाकायचे आणि थंड जागी ठेवायचे, अशी ही पद्धत. मद्यार्क बहुतेक जिवाणूंना आणि इतर बुरश्यांना सोसत नाही. थंडीमुळे ऊब मागणारी किण्वे मागे पडतात. गव्हातून खडे वेचण्याऐवजी चाळणीच अशी घ्यायची, की हवा तो दाणाच वर राहावा! उरलेल्या द्रावणाचा थेंब आगाराच्या बशीवर ओढला, की काही दिवसांनी पांढरट ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एका पेशीची लाखोंची संतती. त्यातला एक उचलला की शुद्ध वाण हाती लागले.

ओळख कशी पटते?

खरी कसोटी यापुढे असते. सूक्ष्मदर्शकाखाली ही सगळी किण्वे सारखीच दिसतात, गोल किंवा लंबगोल, कडेला कळी फुटलेली. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोयच नाही. म्हणून पूर्वीचे शास्त्रज्ञ त्यांच्या सवयी पाहत. कोणती साखर खाते, कोणती खात नाही, किती उष्णता सोसते, अशी यादी करीत. पॅटागोनियातली किण्वे आपल्या अंगाइतक्या उष्णतेला वाढत नव्हती, गारव्यात मात्र जोमाने वाढत होती. पण सवयींवरून फार तर कुटुंब कळते, व्यक्ती कळत नाही.

दुसरी कसोटी डीएनएची. लिब्किंड यांच्यासोबत पोर्तुगालमधील जोसे पाउलो साम्पायो आणि पाउला गोन्साल्व्हेस, तसेच अमेरिकेतील ख्रिस टॉड हिटिंगर आणि मार्क जॉन्स्टन हे संशोधक होते. डीएनए तपासल्यावर त्यांना दिसले, की एकाच जंगलात, एकाच प्रकारच्या गोळ्यांवर दोन निरनिराळी थंडीप्रिय किण्वे राहतात. एक पूर्वी ठाऊक असलेले सॅकॅरोमायसिस युव्हारम होते. दुसरे कोणाच्याच यादीत नव्हते.

तिसरी कसोटी लग्नाची! दोन जीव वेगळ्या जातींचे आहेत की एकाच जातीचे दोन वाण, हे ठरवण्याचा जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे त्यांची संतती पुढे वंश चालवू शकते का, हे पाहणे. या दोन किण्वांचा संकर केला तर संकरित पेशी तयार होत. त्या पेशीत चार-चार बीजाणूंची पिशवीही दिसे. हे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काचेच्या सुईने एकेक करून वेगळे मांडले, तेव्हा त्यातले क्वचितच रुजले. खेचराचा वंश पुढे चालत नाही, त्यातलाच हा प्रकार. एकाच रानात शेजारी राहूनही ही दोन घराणी वेगळी आहेत, यावर शिक्कामोर्तब झाले.

शेवटी नव्या किण्वाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि लागर किण्वातल्या त्या अज्ञात अर्ध्या भागाशी ताडून पाहिला. दोन्ही ९९.५ टक्के जुळले. युरोपच्या तळघरांत शतकानुशतके राबणाऱ्या संकराचा हरवलेला पालक समुद्रापलीकडच्या जंगलात भेटला होता.

आणि ते जुने ‘बायानुस’? ते स्वतःच बिअरच्या पिंपात जन्मलेली भेसळ निघाले. त्यात युव्हारमचा अंश होता, या नव्या किण्वाचाही होता. ज्याला आजोबा समजून मान दिला, तो नात्याने पुतण्या निघावा, असेच काहीसे झाले.

नाव ठेवण्याचे नियम

बारशाला आत्याबाई कानात नाव सांगतात आणि काम होते. बुरशीचे बारसे इतके सोपे नाही. त्यासाठी वनस्पती, शैवाले आणि बुरश्या यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. नाव दोन शब्दांचे हवे. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा आणि दुसरा जातीचा, म्हणजे पाळण्यातल्या नावासारखा. जवळच्या जातींहून ही वेगळी कशी, हे लिहून प्रसिद्ध करावे लागते. २०११ अखेरपर्यंत हे वर्णन लॅटिन भाषेतच देण्याचे बंधन होते. २०१२ पासून इंग्रजीही चालते. २०१३ पासून प्रत्येक नव्या नावाला मान्य नोंदवहीतला क्रमांक घेणेही सक्तीचे झाले.

सर्वात महत्त्वाची अट आदर्श नमुन्याची. ज्या नमुन्यावरून नाव दिले तो कायमचा जपून ठेवायचा. पुढे वाद झाला तर शब्दांकडे नव्हे, त्या नमुन्याकडे पाहायचे. किण्वाच्या बाबतीत तो गोठवून किंवा वाळवून निद्रिस्त ठेवतात. या नव्या किण्वाचा नमुना नेदरलँड्समधील युट्रेक्टच्या संग्रहात १२३५७ या क्रमांकाने ठेवलेला आहे.

नाव ठरले सॅकॅरोमायसिस युबायानुस. ‘यु’ हा ग्रीक उपसर्ग, अर्थ ‘खरा’. म्हणजे अस्सल बायानुस. जुन्या चुकीच्या पाटीला इतक्या सौम्यपणे दुरुस्त करणारे नाव क्वचितच आढळेल.

नावानंतरचे प्रश्न

२०११ च्या ऑगस्टमध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि लगेच शंका निघाली. लागर बिअर पंधराव्या शतकातली, कोलंबस अमेरिकेला पोहोचला १४९२ मध्ये. मग पॅटागोनियातले किण्व बव्हेरियात आले केव्हा? २०१४ मध्ये चिनी संशोधकांना हेच किण्व तिबेटच्या पठारावर मिळाले आणि त्याचे साम्य थोडे अधिकच भरले. व्यापारी तांड्यांच्या वाटेने ते पश्चिमेला गेले असावे, असा तर्क पुढे आला. २०२२ मध्ये आयर्लंडमधील डब्लिनच्या एका विद्यापीठाच्या आवारातील मातीत ते सापडले. युरोपातली ही पहिलीच नोंद आणि त्या शोधात पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्यांचा हात होता. एकदा नाव आणि ओळखीच्या खुणा मिळाल्या, की विद्यार्थ्यालाही शोध घेता येतो, तो असा.

दुसरा प्रश्न मालकीचा. रानातल्या बुरशीपासून व्यापार उभा राहिला तर लाभ कोणाचा? पॅटागोनियातले किण्व वापरून पुढे बिअर बाजारात आली, आर्जेन्टिनातल्या लहान कारखान्यांची आणि युरोपातल्या मोठ्या कंपनीचीही. जैविक संपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क आहे, हे १९९२ च्या जैवविविधता कराराने मान्य केले. लाभाच्या वाटपाचे नियम २०१० च्या नागोया मसुद्याने घातले. भारतातही २००२ पासून जैवविविधता कायदा आहे. पण हक्क सांगायचा तर आपल्याकडे काय आहे, हे आधी ठाऊक हवे. बिननावाच्या वस्तूवर दावा कसा करणार? आणि रान तुटले तर बिननावाची बुरशी गेल्याचे कळणार तरी कोणाला?

या दृष्टीने पुण्यातल्या दोन संस्थांचे काम मोलाचे आहे. आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा. छोट्या-छोट्या काचनळ्यांत तिथे हजारो जीव निद्रिस्त आहेत. सह्याद्रीतले करवंद, उंबर, जांभूळ, मोहाचे फूल, यांवर कोण कोण राहते याची पुरी यादी अजून व्हायची आहे. ती करण्याला महागडी यंत्रे लागतात हे खरे, पण त्याआधी लागते ती गळलेल्या फळाकडे वाकून पाहण्याची सवय.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवायला हवी. बुरशी आलेले फळ कितीही अभ्यासाचे असले तरी खाण्याचे नाही, आणि पावसाळ्यात रानात उगवणारी अनोळखी अळंबी चाखून पाहणे तर जिवावर बेतू शकते. पॅटागोनियातल्या बायकांना याओ-याओची पारख होती ती पिढ्यांच्या अनुभवातून आलेली. त्यांनी त्या गोळ्याला नाव दिले होते, त्याचा हंगाम त्यांना ठाऊक होता, कच्चा कोणता आणि पिकलेला कोणता हेही त्या जाणत होत्या. शास्त्रज्ञांचे दोन शब्दांचे नाव त्यानंतर शेकडो वर्षांनी आले.

तेव्हा टोपलीतले बुरसटलेले लिंबू टाकूनच द्यावे. पण टाकण्यापूर्वी घरातल्या मुलांना ते भिंगाखाली एकदा दाखवायला हरकत नाही. हिरवी की निळी, एवढे त्यांनी सांगितले, तरी ओळख पटवण्याची पहिली पायरी ती चढली असे समजावे.